बघण्यासारखं अक्षर

माझं अक्षर सुंदर आहे असं मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं. ते वाचता येत नाही असं मात्र फक्त माझ्या आईने सांगितलं. "तुझं अक्षर बघण्यासारखं आहे, वाचण्यासारखं नाही," असं ती म्हणायची. मला वाटायचं, आई चार इयत्ता शिकलेली, तिला काय कळणार.

हे अक्षर मला वडिलांकडून मिळालं. ते कचेरीत कारकून होते आणि त्यांचा जन्म मोडी लिहिण्यात गेला होता. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबती सोडत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. मी शाळेत बाळबोध, म्हणजे देवनागरी, शिकले, पण वळण गिरवलं ते वडिलांच्या शेजारी बसून, त्यांच्याच बोरूने. त्यामुळे माझं बाळबोध मोडीच्या चालीने चालायचं. उकार खालच्या ओळीत उतरायचे आणि वेलांट्या मागच्या तीन-तीन अक्षरांवर छत्री धरायच्या. पान लिहून झालं की ते लांब धरून जरा वेळ बघत बसायची मला सवय होती. मी पंधरा वर्षांची असताना वडील गेले. त्यांच्या माघारी त्यांचं म्हणावं असं आमच्याकडे फारसं काही राहिलं नव्हतं, आणि जे राहिलं होतं त्यात माझं अक्षर होतं. त्याला कुणी नावं ठेवली की मला ते वडिलांनाच ठेवल्यासारखं वाटायचं.

ट्रेनिंग कॉलेजात वळणाच्या तासाला माझी वही वर्गभर फिरली. निबंधाला मात्र मला नेहमी कमी गुण पडत. माझे विचारच बेताचे असतील अशी मी समजूत करून घेतली होती.

पुनावळ्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी वीस वर्षांची होते. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरीला सरकारचा औषधांचा कारखाना होणार असं लोक बोलत होते, पण पुनावळ्यात ज्वारी, भात आणि म्हशी यांपलीकडे फारसं काही नव्हतं. चिंचवड स्टेशनवर उतरून दोन-अडीच कोस चालायचं आणि मध्ये पवना ओलांडायची. नदीला उतार असेल तर लुगडं सावरून पाण्यातून, नाहीतर होडीने. शाळा देवळाच्या सोप्यात भरायची आणि हेडमास्तर व मी असे दोघेच शिक्षक होतो. फळ्यावर खडूने मोठं आणि सावकाश लिहावं लागतं, त्यामुळे मुलांना माझ्या अक्षराचा त्रास झाला नाही. दाखल्यांचं रजिस्टर मात्र हेडमास्तरांनी पंधरा दिवसांत माझ्याकडून काढून घेतलं. तुमच्यावर कामाचा फार भार नको, असं ते म्हणाले. ते माझी काळजी घेत आहेत असं मी घरी येऊन आईला सांगितलं. गावातले दुकानदार मुसलमान होते, भले गृहस्थ. मी यादी लिहून पाठवायची आणि जिऱ्याच्या जागी मिरे यायचे. त्यांना मराठी नीट वाचता येत नसेल, असं मी धरून चालले होते.

आई आणि मी एका शेतकऱ्याच्या घरात राहत होतो. एक खोली आणि पुढचा ओटा आम्हांला दिलेला होता. घरात म्हातारा-म्हातारी होती, त्यांना मी मामा-मामी म्हणायची. त्यांचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता आणि त्याची पलटण कुठेतरी उत्तरेला, बर्फाच्या मुलखात होती. त्याची बायको घरी असे. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी होती. मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला बाई. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यावरून तिला घरात कुणी टाकून बोललेलं मी ऐकलं नाही, पण मामी तिला घेऊन कधी या देवाला तर कधी त्या देवाला जाऊन यायच्या, आणि परत आल्यावर त्या दोघी बराच वेळ एकमेकींशी बोलत नसत.

मुलगा गावातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकला होता. त्याची पत्रं यायची ती मोठ्या, एकेक अक्षर खिळ्याने ठोकल्यासारख्या हातात. आधी ती पत्रं गावात ज्याला वेळ असेल तो वाचून दाखवायचा. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पहिलं उत्तर लिहून झालं तेव्हा मामांनी तो कागद हातात घेतला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "आसं अक्षर आमच्या गावात कुनाच्या पत्रात न्हाई." त्यांना वाचता येत नव्हतं. मामींनी तो कागद देवापुढे ठेवला आणि मगच पाकिटात घालू दिला. पत्ता इंग्रजीत लागे, म्हणून मुलगाच पलटणीतल्या कारकुनाकडून पत्ता घातलेले लिफाफे पाठवून द्यायचा. त्यामुळे माझी पत्रं कधी वाट चुकली नाहीत.

पुढे मामांनी सांगितलं, की सूनबाईने बाईंकडे बसून घरचं सगळं लिहून घ्यावं, मला वेळ नसतो. मला वाटतं, त्यांनी ते जाणूनबुजून केलं असावं. महिन्यातून एखाद्या दुपारी वहिनी आमच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसायची. आधी घरचं सांगायची. मामंजींचा म्हणजे मामांचा खोकला, आत्याबाईंचे म्हणजे मामींचे गुडघे, कांदा, पाऊस. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, स्वतःचं सांगायची. तुम्ही बसता तो नदीतला दगड पुरात बुडाला होता, आता वर आला. तुमचा निळा सदरा कुणी मागितला तरी मी दिला नाही. तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणता, तर पायांत काय घालता? एकत्र घरात नवऱ्याशी दोन शब्द मोकळे बोलायची तिला कधी सोय नव्हती, आणि आता तो हजार कोसांवर असताना ती बोलायला शिकत होती. मी ते सगळं माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात उतरवत होते. तिच्या वाक्यांना शोभेल असं लिहायचं म्हणून मी आणखी वळणं घालायची.

उत्तरं यायची, पण ती सगळी एकसारखी. पत्र पावले, वाचून मनास फार आनंद झाला, मी खुशाल आहे, सर्वांनी प्रकृतीस जपावे. पायांत काय घालतो ते त्याने कधी कळवलं नाही. वहिनी उत्तर पुन्हा एकदा वाचायला सांगायची आणि ऐकून उठून जायची. दिवाळीला तो महिनाभर रजेवर आला. उंच, लाजरा माणूस होता. ओट्यावर येऊन त्याने मला हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर लई देखणं." आणखी काहीतरी त्याला म्हणायचं होतं, पण तो तसाच उभा राहिला आणि मग गेला. मी आईकडे वळून बघितलं. आई चुलीत फुंकत होती.

शिमग्याच्या सुमाराला मामी गोठ्यात पाय घसरून पडल्या. हात मोडला. गावच्या हाडवैद्याने बांधला, पण दुखणं महिनाभर चाललं. हे सगळं मी सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "पत्र पावले. वाचून मनास फार आनंद झाला." मी वाचत होते तेव्हा मामी गळ्यात हात बांधून समोरच बसल्या होत्या. पलटणीत गेल्यावर पोरगं दगड झालं, असं मामा म्हणाले. मलाही तो मुलगा दगडच वाटला. आता हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण तेव्हासुद्धा माझ्या मनात दुसरी कुठली शंका आली नाही.

मग श्रावणात म्हैस व्याली. पहिलटकर होती, तिला फार त्रास झाला, आणि वहिनीने तिच्याजवळ बसून सगळं केलं. पारडी झाली. दुसऱ्याच दिवशी वहिनी पत्र लिहून घ्यायला आली. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही रंगात येऊन लिहिलं.

उत्तर गणपती विसर्जन झाल्यावर आलं. पोस्टमन चिंचवडहून आठवड्यातून दोनदा यायचा. त्या दिवशी वहिनीने त्याला वाटेतच गाठलं आणि शाळा सुटायची वाट बघत ती आमच्या ओट्यावर बसून राहिली होती. आई सुपात तांदूळ निवडत होती. मी पाकीट फोडलं आणि आधी नजर न फिरवता मोठ्याने वाचायला लागले.

"पत्र पावले. आपल्याला पोरगी झाली हे वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आले. तुम्ही आधीच्या पत्रांत कळवले असेल, पण मी अडाणी, माझ्या ध्यानात आले नाही. मी सगळ्या कंपनीला बुंदी वाटली. काळी असली तर असू द्या, मी तरी कुठे गोरा आहे. कपाळावरच्या खुणेची काळजी करू नये. येथले डॉक्टर म्हणतात मोठेपणी जाते. मी बाजारातून तिच्या पायांत घालायला चांदीचे वाळे घेतले आहेत. नाव मी आल्यावर ठेवू."

वाचताना दुसऱ्याच वाक्याला मला कळायला हवं होतं. पण जीभ पुढे गेली होती, ती थांबली नाही. आईचा तांदळातला हात थांबला.

"कुनाला पोरगी झाली?" वहिनीने विचारलं.

मी विचारलं, मागच्या पत्रात आपण काय लिहिलं होतं? तिने समोरच्या भिंतीकडे बघत, एक शब्द इकडचा तिकडे न करता, सगळं म्हणून दाखवलं. आपल्या म्हशीला पारडी झाली. काळी कुळकुळीत आहे. कपाळावर चांदणी आहे. आत्याबाई म्हणतात आईच्या वळणावर गेली. मी दिवसभर तिच्याजवळच असते.

मी एक कोरा कागद घेतला आणि नेहमीच्या हाताने ते पहिलं वाक्य लिहिलं. मग तो कागद जमिनीवर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. पहिल्यांदाच. एका रेघेला सगळं वाक्य लोंबत होतं, मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नव्हती. 'म्हशीला'ची वेलांटी मागच्या अक्षरांवरून अशी काही फिरली होती, की म्हैस तिच्याखाली पार दिसेनाशी झाली होती आणि 'आपल्या'च्या पुढे नुसता 'ला' उरला होता. आणि 'पारडी' तर कुणालाही 'पोरगी' वाटावी अशी होती. मला पुसटशी आशा होती की चूक त्याची असेल. ती माझी होती.

दिवाळीच्या रजेपासून श्रावणापर्यंत त्याने महिने मोजले असणार. त्यांचा हिशेब बरोबर जमत होता.

वहिनीने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि घडी घातली. डॉक्टरचं आठवून तिला हसू आलं. म्हशीच्या कपाळावरची चांदणी मोठेपणी जाते म्हणे, असं म्हणून ती हसली, आणखी हसली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग हसणं संपलं आणि पाणी तेवढं राहिलं. आईने सूप बाजूला सारलं आणि तिच्याजवळ जाऊन बसली. डोळे पुसत वहिनी म्हणाली, "किती आनंद झाला आसंल त्यास्नी."

तिने मला बोल लावला नाही. आईनेही नाही, आणि तिला तर हक्क होता.

खरं काय ते त्याला कळवणं भाग होतं. मी म्हणाले, मी आत्ताच्या आत्ता लिहिते, फळ्यावर लिहिते तसं मोठं, सुटं, चुकण्याचं कारणच राहणार नाही. वहिनीने मान हलवली.

"न्हाई बाई. येवढं मला लिवू द्या. तुमी फकस्त शिकवा."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून पाटी आणली. दुकानदारांनी कुणासाठी म्हणून विचारलं, तेव्हा शाळेसाठी असं सांगून आली. सासू-सासऱ्यांना तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मुलाचं काय पत्र आहे असं मामांनी विचारलं तर खुशाल आहेत, एवढंच म्हणाली. भाताला पाणी लावून मंडळी शेतातून यायच्या आत, दुपारचा तासभर तिला मिळायचा. मी मुलांना शिकवते तसं अ-आ-इ-ईपासून सुरुवात करायला लागले, तर तिने पाटी पालथी घातली. मला सगळं नको, एवढं एक पत्र पुरे, त्यात जी अक्षरं लागतील तेवढीच दाखवा, असं तिचं म्हणणं. माझ्या ट्रेनिंगमध्ये असं काही शिकवलेलं नव्हतं. तरी आम्ही दोघींनी आधी पत्र तोंडी ठरवलं, मग त्यातली अक्षरं मोजली आणि त्यांतलं पहिलं 'प' तिला घालून दिलं.

तिचे हात कामाने राठ झाले होते आणि पेन्सिल कडकन मोडायची. 'ग'चा दांडा आणि पोट यांची गाठ काही केल्या पडेना. पण तिच्या स्मरणशक्तीचं मी सांगितलंच आहे. एकदा दाखवलेलं अक्षर ती विसरली नाही. गोठ्यात शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटाने अक्षरं काढलेली मला दिसायची, आणि मामा जवळ आले की ती ओल्या हाताने पुसून टाकायची. शब्द लिहायला लागली तेव्हा मी तिला सांगितलं, एक शब्द झाला की पुढे बोट ठेवायचं आणि बोटाच्या पलीकडून दुसरा शब्द सुरू करायचा. ती तसं करू लागली. मी माझ्या पाटीवर करून बघितलं, तर मला ते जमेना. हात थांबायलाच तयार नव्हता, वडिलांच्या रेघेवरून पुढे पुढेच जात होता. दुपारच्या वेळी त्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसून शब्दांमध्ये बोट ठेवायला शिकत होतो. मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

दरम्यान त्याचं आणखी एक पत्र आलं. पोरीला दात आले का, ती कुणाच्या तोंडावर गेली आहे, आणि दादांना (वडिलांना तो दादा म्हणायचा) नात बघून काय वाटलं? मी म्हणाले, वहिनी, तो वाट बघतोय, आता मी लिहू का? ती म्हणाली, चार दिवस.

पाचव्या दिवशी तिने शाई मागितली. पत्र लिहायला तिला सबंध दुपार लागली. त्यात चुका होत्या आणि मी त्यांना हात लावला नाही. मला ते अजून पाठ आहे.

"पोरगी नाही. म्हशीची पारडी. वाईट वाटून घेऊ नका. मी बरी आहे. हे मी लिवलं."

शेवटचं वाक्य आम्ही ठरवलेल्या पत्रात नव्हतं. 'ल' तिला कुठून मिळाला कुणास ठाऊक. मी शिकवलेला नव्हता. बहुधा शाळेच्या बाहेर उभं राहून फळ्यावरून उचलला असावा.

महिना गेला. उत्तर येईना. वहिनी दुपारची माझ्याकडे यायची बंद झाली नाही. आता तिला राहिलेली अक्षरंही हवी होती, पण ती लिहिताना मध्येच थांबून वाटेकडे बघायची. मला झोप लागत नसे. आपण एका माणसाला मुलगी दिली आणि काढून घेतली, असं सारखं वाटायचं. मी आईला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, तू काही दिलं नव्हतंस आणि काही काढून घेतलं नाहीस, उगाच मोठेपणा घेऊ नकोस, फक्त यापुढे नीट लिही.

मग पत्र आलं, चार पानांचं. त्याने आतापर्यंत लिहिलेली सगळी पत्रं एकत्र केली तरी एवढी भरली नसती. वहिनीने ते स्वतः वाचायला घेतलं, पण इतक्या मोठ्या पत्राला तिचा दम पुरेना, म्हणून पहिल्या पानानंतर माझ्याकडे दिलं. त्याने लिहिलं होतं, की तुमच्या हातची पाच वाक्यं मी पहिल्यांदाच पुरती वाचली. याच्या आधीचं एकही पत्र मला लागलं नव्हतं. कुठे पाऊस, कुठे कांदा एवढं लागायचं. बाईंचं अक्षर इतकं चांगलं, आणि मी चौथी शिकलेला, तेव्हा खोट माझ्यातच असणार असं वाटायचं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं, तर आत तुमचं काय काय असेल, ते परक्याने का वाचावं? म्हणून आनंद झाला, असंच लिहीत गेलो. पत्र आलं याचा आनंद व्हायचाच, ते काही खोटं नव्हतं. दिवाळीला सांगणार होतो, पण बाईंसमोर धीर झाला नाही.

पारडीचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, असंही त्याने लिहिलं होतं. कंपनीतल्या लोकांना सांगितलं. मग हवालदार म्हणाले, म्हशीच्या पारडीसाठी बुंदी वाटणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही. मग सगळे हसले आणि शेवटी मलाही हसू आलं.

ते पत्र वहिनीने मामा-मामींना वाचून दाखवलं, जमेल तेवढं स्वतः आणि उरलेलं माझ्याकडून. मामी मोडलेल्या हाताकडे बघत म्हणाल्या, म्हणजे माझं पडणं त्याला कळलंच नव्हतं तर. त्यांचा जीव भांड्यात पडला. मामा उठून बाहेर गेले आणि गोठ्यातल्या त्या पारडीजवळ बराच वेळ उभे राहिले. सून लिहायला शिकली याचं त्यांना काय वाटलं, ते मला समजलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारचं म्हशींचं वैरण-पाणी ते स्वतः बघायला लागले.

तो पौषात रजेवर आला. तिसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको आमच्या खोलीत आली. घरातलं कुणी बघेल म्हणून ती त्याच्या चार पावलं मागून चालत होती. त्याच्या हातात रुमालात बांधलेली माझी सगळी पत्रं होती. घड्यांवर झिजलेली, पण नीट जपलेली. एवढ्या लांब बसून ती वाचायची राहिली, आता तुम्हीच वाचून दाखवा, असं तो म्हणाला. मी पहिलं पत्र उघडलं. पाऊस आणि खोकला लागला. पुढे एक सबंध ओळ अशी होती, की मी डोळे बारीक करून, कागद तिरपा करून, पुन्हा पुन्हा बघितलं. ती माझ्याच हातची होती आणि मला लागेना. आईने दुसरीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मी खरं तेच सांगितलं. दोघांचीही मी क्षमा मागितली. तो कासावीस झाला, नको नको म्हणू लागला.

तेवढ्यात वहिनीने माझ्या हातातलं ते पत्र घेतलं. तारीख बघितली, म्हणजे आकडे तिला आता येत होते, आणि खाली मान घालून बोलायला लागली. नदीतला दगड. निळा सदरा. पहिल्या पत्रात काय होतं, दुसऱ्यात काय होतं, तिला सगळं जसंच्या तसं येत होतं. तो माझ्या पाटाच्या कडेला बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. आईने माझ्या कोपराला हात लावला. आम्ही दोघी उठलो, बाहेर आलो आणि नदीकडे चालू लागलो. घाट उतरून, धुणं नसताना धुण्याच्या दगडावर बसून राहिलो. पाण्यात म्हशी होत्या. आईने विचारलं, त्या पत्रांत एवढं काय लिहून घेतलं होतं तिने? मी सांगितलं नाही. परत आलो तेव्हा दार उघडं होतं, खोलीत कुणी नव्हतं, आणि पत्रांचा रुमाल तो बरोबर घेऊन गेला होता.

रजा संपायच्या आधी त्याने ते चांदीचे वाळे काळ्या दोऱ्यात ओवून पारडीच्या गळ्यात बांधले. मामी चिडल्या. पोरीची वस्तू जनावराला बांधतात का, पुढे लागेल. तो म्हणाला, हिच्यासाठीच घेतले होते. गावातली माणसं येऊन बघून जायची.

त्यानंतर वहिनी पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आली नाही. ती स्वतःच लिहू लागली, आणि मला आनंद व्हायचा तसा झालाही. तरी महिना भरला की एखाद्या दुपारी माझं लक्ष दाराकडे जायचं. भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता, ती जे सांगायची ते आता माझ्या कानांवर येणार नव्हतं.

मी आणखी दोन वर्षं पुनावळ्यात होते. बदलीचा हुकूम आल्यावर आवराआवर चालली होती, तेव्हा एके दिवशी ती शाईने माखलेली बोटं घेऊन आली. पत्र लिहिताना एक शब्द अडला होता. 'आठवण'मधला 'ण' बाणाचा की नळाचा, असं तिला विचारायचं होतं. बाणाचा, मी म्हटलं, आणि दाखवायला म्हणून तिच्या हातातल्या कागदाकडे वाकले. तिचं अक्षर अजून मोठं आणि वाकडं होतं, पण सुटं होतं, आणि पहिल्या नजरेला लागत होतं. तिने चटकन उरलेल्या कागदावर पंजा ठेवला.

"खालचं नगा वाचू, बाई," ती म्हणाली.

मी नाही वाचलं. माझा टाक तिच्या हातात दिला, आणि तिने माझ्यासमोरच, एक बोट जागा सोडून, तो शब्द नीट लिहिला.